शिकवलेली मुलं राज्यातच राहावीत म्हणून

नोव्हेंबर १९९२मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि बिल क्लिंटन निवडून आले. त्याच दिवशी जॉर्जिया राज्यातल्या मतदारांपुढे आणखी एक प्रश्न होता: राज्य सरकारनं स्वतःची लॉटरी सुरू करावी का? दक्षिणेकडचं हे राज्य चर्चच्या धाकात वाढलेलं. जुगाराला राज्यघटनेनंच बंदी होती आणि ती उठवायची तर लोकांचा कौल घ्यावा लागणार होता. गव्हर्नर झेल मिलर यांनी १९९०च्या प्रचारात एकच गोष्ट लावून धरली होती. लॉटरीचा पैसा दुसरीकडे कुठेही जाणार नाही, तो फक्त शिक्षणावर खर्च होईल. प्रस्ताव थोड्याच मतांनी मंजूर झाला. जून १९९३मध्ये तिकिटं विक्रीला आली आणि त्याच वर्षी पहिल्या विद्यार्थ्यांची फी भरली गेली. या शिष्यवृत्तीचं नाव ‘होप’.

अट सुटसुटीत होती. शाळेत सरासरी ‘बी’ श्रेणी मिळवा, जॉर्जियातल्याच महाविद्यालयात प्रवेश घ्या. सरकारी महाविद्यालय असेल तर शिकवणीची फी राज्य भरेल. पुढेही ‘बी’ टिकवलीत तर पैसे चालू राहतील. पहिल्या वर्षी कुटुंबाच्या उत्पन्नाला ६६ हजार डॉलरची मर्यादा होती. पुढच्या वर्षी ती १ लाख झाली आणि १९९५पासून काढूनच टाकली. मिलर स्वतः उत्तर जॉर्जियाच्या डोंगराळ भागातल्या यंग हॅरिस या खेड्यातले. वडील ते तान्हे असतानाच वारले आणि आईनं एकटीनं त्यांना वाढवलं. शिक्षणानं माणूस कुठून कुठे जातो हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. त्यांना हुशार मुलांना मदत करायची होती, तसंच ती मुलं राज्याबाहेर जाऊ नयेत असंही वाटत होतं.

राज्यांची ही काळजी आपल्याला चांगली ओळखीची आहे. लातूरच्या शिकवण्यांमध्ये घासून तयार झालेला मुलगा पुण्याला जातो, पुण्यातून पदवी घेऊन बंगळूरला, तिथून पुढे कुठे तरी. त्याच्या पहिलीपासूनच्या शाळेचा, रस्त्याचा, एसटीच्या पासाचा खर्च ज्या करदात्यांनी उचलला, त्यांच्या वाट्याला त्याचं काम येत नाही. मुलानं जाऊ नये असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. पण ज्या तालुक्यातून दर वर्षी पहिले पन्नास निघून जातात, तिथे दवाखाना कोण चालवणार, पाण्याची योजना कोण आखणार, हा प्रश्न उरतोच.

होपचं यश पाहून अमेरिकेतल्या डझनभराहून जास्त राज्यांनी तोच मार्ग धरला. फ्लोरिडात ‘ब्राइट फ्यूचर्स’ आली, लुइझियानात ‘टॉप्स’, वेस्ट व्हर्जिनियात ‘प्रॉमिस’. मिसुरी राज्यानं तर जॉर्जियाच्याही आधी, १९८०च्या दशकात, ‘ब्राइट फ्लाइट’ सुरू केली होती. प्रवेश परीक्षेत राज्यातल्या वरच्या ३ टक्क्यांत या, मिसुरीतच शिका आणि रक्कम घ्या. बहुतेक योजनांच्या उद्देशांत एक वाक्य थोड्याफार फरकानं सापडतं: राज्यातले गुणी विद्यार्थी राज्यातच राहावेत.

हे साधलं का? इथे शिक्षणाच्या अर्थशास्त्रज्ञांनी फार कष्टाचं काम केलं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. क्रिस्टोफर कॉर्नवेल, डेव्हिड मस्टर्ड आणि दीपा श्रीधर या तिघांनी जॉर्जियातले प्रवेश शेजारच्या दक्षिणी राज्यांशी ताडून पाहिले. होपमुळे पहिल्या वर्षाचे प्रवेश सुमारे ६ टक्क्यांनी वाढले होते. पण चार वर्षांच्या महाविद्यालयांत जी वाढ दिसली, तिचा मोठा हिस्सा अशा मुलांचा होता जी एरवीही महाविद्यालयात गेलीच असती, फक्त दुसऱ्या राज्यात. म्हणजे शिकायला मुलांना थांबवणं जमलं. नव्यानं शिकू लागलेल्यांची भर त्यामानानं कमी पडली.

या अभ्यासांतून काही अनपेक्षित गोष्टीही निघाल्या. ‘बी’ सरासरी टिकवण्यासाठी जॉर्जिया विद्यापीठातली मुलं एका सत्रात कमी विषय घेऊ लागली, अवघड विषय मध्येच सोडू लागली, काही विषय उन्हाळ्याच्या सत्रावर ढकलू लागली. शिष्यवृत्तीनं हुशारीला बक्षीस दिलं आणि हुशार मुलांनी जोखीम टाळायला सुरुवात केली. वेस्ट व्हर्जिनियानं २००२मध्ये ‘प्रॉमिस’ सुरू करताना एक छोटा बदल केला. गुणांच्या अटीबरोबर वर्षाला ३० श्रेयांक पुरे करण्याचीही अट घातली. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या अभ्यासात दिसलं की चार वर्षांत पदवी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण या अटीमुळे ठळकपणे वाढलं. अट कशी लिहिली जाते यावर मुलांचं वागणं किती बदलतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडे शिष्यवृत्तीचे शासन निर्णय लिहिणाऱ्यांनी ही दोन राज्यं शेजारी शेजारी ठेवून जरूर पाहावीत.

आणि पैसे कुणाकडून आले, कुणाला मिळाले? उत्पन्नाची मर्यादा गेल्यावर होपचा मोठा लाभ मध्यम आणि वरच्या वर्गातल्या गोऱ्या कुटुंबांना झाला. सुझन डायनार्स्की यांनी दाखवून दिलं की या योजनेमुळे महाविद्यालयात जाण्याच्या बाबतीत काळ्या आणि गोऱ्या मुलांमधली दरी उलट रुंदावली. लॉटरीची तिकिटं मात्र गरीब आणि काळ्या वस्त्यांमध्ये जास्त खपत होती. एका संशोधनात तर होप आल्यानंतर श्रीमंत भागांत मोटारींची नोंदणी वाढल्याचं दिसलं. फीचे पैसे वाचले, ते मुलाला गाडी घेऊन देण्यात गेले. ज्याच्या घरी आधीच आहे त्याला आणखी मिळावं आणि ते ज्याच्याकडे नाही त्याच्या खिशातून मिळावं, ही गोष्ट आकडेवारीच्या तक्त्यात वाचतानाही सहन होत नाही. २०११मध्ये लॉटरीचे पैसे पुरेनासे झाले, तेव्हा राज्यानं सर्वसाधारण होपची रक्कम कापली. पूर्ण फी फक्त अतिशय वरचे गुण मिळवणाऱ्यांसाठी ‘झेल मिलर शिष्यवृत्ती’ या नावानं वेगळी ठेवली. उत्पन्नाची मर्यादा परत आणायचा मार्ग त्याही वेळी मोकळा होता. तो घेतला गेला नाही. सर्वसाधारण होपमधून पूर्ण फी मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं.

पण या लेखाचा खरा प्रश्न पदवीनंतर सुरू होतो. मुलं शिकायला थांबली, मग राहायला थांबली का? मारिया फिट्झपॅट्रिक आणि डेमन जोन्स यांनी अशा शिष्यवृत्त्या दिलेल्या राज्यांतली २४ ते ३२ वर्षं वयाची माणसं कुठे राहतात हे तपासलं. आपल्या राज्यात राहणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं, पण अगदी थोडं. शिष्यवृत्तीचा बहुतेक पैसा अशा मुलांवर खर्च झाला होता, ज्यांचा निर्णय त्या पैशानं बदललाच नाही. जी राहणार होती ती राहिली, जी जाणार होती ती गेली. त्याआधी जेफ्री ग्रोएन यांनीही असंच काहीसं मांडलं होतं: एखाद्या राज्यात शिकणं आणि पुढे तिथेच काम करणं यांच्यातला धागा असतो, पण बारीक असतो.

हे असं का व्हावं याचं उत्तर गुंतागुंतीचं नाही. अठराव्या वर्षी फी हा मोठा प्रश्न असतो. बाविसाव्या वर्षी तो संपलेला असतो आणि त्याची जागा नोकरीनं घेतलेली असते. जॉर्जियाकडे अटलांटा आहे. तिथे कोका-कोला, डेल्टा एअरलाइन्स आणि होम डेपो यांची मुख्यालयं आहेत, देशाचं रोगनियंत्रण केंद्र आहे, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. अशा राज्यात पदवीधर थांबतो यात नवल ते काय? वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या. २०१० ते २०२० या दशकात तिथली लोकसंख्या ३ टक्क्यांहून जास्त घटली, देशातल्या इतर कुठल्याही राज्याहून जास्त. ‘प्रॉमिस’नं तिथल्या मुलांना वेळेत पदवी मिळवून दिली. ती पदवी वापरायची कुठे, याचं उत्तर देणं शिष्यवृत्तीच्या हातात नव्हतं.

मग दुसरा विचार येतो: सरळ करारच करून घ्यावा. न्यूयॉर्क राज्यानं २०१७मध्ये ‘एक्सेलसियर’ शिष्यवृत्ती आणली. ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांतल्या मुलांना राज्याच्या आणि न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी माफ. पण जितकी वर्षं शिष्यवृत्ती घेतली, तितकी वर्षं पदवीनंतर न्यूयॉर्क राज्यातच राहायचं. दुसऱ्या राज्यात गेलात तर दिलेली रक्कम बिनव्याजी कर्ज होऊन तुमच्या नावावर चढणार. कझाकस्ताननं १९९३मध्ये, स्वतंत्र होऊन दोनच वर्षं झाली असताना, ‘बोलाशाक’ शिष्यवृत्ती सुरू केली. तिथे मुलांना परदेशी पाठवलं जातं आणि परतल्यावर पाच वर्षं देशात काम करावं लागतं. राजधानी आणि अल्माती सोडून दूरच्या प्रांतात गेलात तर ही मुदत कमी होते. हमी म्हणून कुटुंबाची स्थावर मालमत्ता गहाण ठेवायची पद्धत तिथे आहे. मुलगा परत आला नाही तर घर जाणार. अशी हमी देणाऱ्या आईबापांच्या मनावर त्या काही वर्षांत काय ओझं असेल, याची कल्पना करवत नाही. ज्या घराकडे गहाण ठेवण्यासारखं काही नाही, त्यांच्यासाठी हे दार किती अरुंद होत असेल, हाही प्रश्न आहेच.

कराराची पद्धत सर्वांत विचारपूर्वक राबवली आहे ती जपाननं. आणि मला वाटतं, या विषयावर आपल्याला शिकण्यासारखं सर्वाधिक तिथेच आहे.

जपानची विभागणी ४७ प्रांतांत आहे. १९७०च्या सुमारास डोंगराळ खेड्यांना आणि छोट्या बेटांना डॉक्टर मिळेनात. सगळे तोक्यो, ओसाकाकडे धाव घेत होते. तेव्हा सर्व प्रांतांनी एकत्र येऊन १९७२मध्ये तोचिगी प्रांतात जिची वैद्यकीय विद्यापीठ उभारलं. प्रत्येक प्रांतातून दर वर्षी साधारण दोन-तीनच मुलं घेतली जातात. प्रवेशाची पहिली फेरी प्रत्येक प्रांत आपल्या घरीच घेतो आणि त्यात मुलाखतही असते. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, सगळ्यांना वसतिगृहात राहणं सक्तीचं. फीची सोय कर्जाच्या रूपात होते. पदवीनंतर आपल्या प्रांतात शिक्षणाच्या दीडपट काळ, म्हणजे नऊ वर्षं, प्रांत सांगेल तिथे काम केलं की ते कर्ज संपतं. मधूनच सोडलं तर सगळी रक्कम व्याजासह एकदम भरायची.

नऊ वर्षं ऐकायला फार वाटतात. तरीही अगदी मोजके डॉक्टर करार मोडतात. आणि खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नऊ वर्षं संपल्यावर, कुठलंही बंधन उरलेलं नसताना, दहातले सहा-सात जण आपल्याच प्रांतात काम करत राहतात.

का राहतात? निवडच मुळात त्या मातीतल्या मुलांची होते. कागोशिमाचा मुलगा कागोशिमाच्या बेटावर परत जातो, तेव्हा तिथली बोली त्याची असते आणि तिथल्या म्हाताऱ्यांची दुखणी त्यानं लहानपणापासून पाहिलेली असतात. दुसरं, त्याच्यासाठी काम तयार असतं. पहिली दोन वर्षं प्रांताच्या मोठ्या रुग्णालयात सर्व प्रकारचे रुग्ण हाताळण्याचं प्रशिक्षण, मग छोटी रुग्णालयं आणि दवाखाने, मध्ये पुन्हा शिकायला मोठ्या रुग्णालयात, मग परत दूरच्या ठिकाणी. ही फेरी आखलेली असते. आणि तिसरं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्या दवाखान्यात त्याच्या आधी जिचीचाच कुणी तरी राहून गेलेला असतो. रात्री दोन वाजता अडचण आली तर फोन कुणाला करायचा हे त्याला ठाऊक असतं. पन्नास वर्षांत प्रत्येक प्रांतात अशा ज्येष्ठांची साखळी तयार झाली आहे.

जपानलाही हे सोपं गेलेलं नाही. बरोबरीचे मित्र शहरात राहून हृदयशस्त्रक्रिया शिकत असतात आणि हा सर्दीखोकल्याचे रुग्ण पाहत असतो, ही सल अनेकांना असते. मुलांच्या शाळेचा प्रश्न येतो, जोडीदाराच्या नोकरीचा येतो. सहा वर्षं एकाच वसतिगृहात राहिलेली मुलंमुली प्रेमातही पडतात. मग एक आओमोरीचा, दुसरी ओकिनावाची, दोघांवरही आपापल्या प्रांताचा नऊ वर्षांचा हक्क! अशा जोडप्यांसाठी दोन प्रांत आपसांत बोलणी करतात आणि काही वर्षं इकडे, काही वर्षं तिकडे अशी तडजोड लिहून घेतात. सरकारी करारात लग्नाची सोय असावी लागते, हे ज्यांना कळलं त्यांना माणूस कळला.

आता आपल्याकडे वळू, कारण शिष्यवृत्ती आणि करार यांची एक फार मोठी कथा मराठी माणसाच्या इतिहासातच आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. दत्तक गेले आणि १८७५मध्ये गादीवर बसले. गुणी माणूस दिसला की त्याला बडोद्यात आणायचं, आणि आपल्या राज्यातला गुणी मुलगा दिसला की त्याला बाहेर पाठवून शिकवून परत आणायचं, ही त्यांची पक्की रीत. त्यांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. १९०६मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ग्रंथालयांची व्यवस्था उभी करायला अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावलं. अशा राज्यात शिष्यवृत्ती हा राज्य घडवण्याच्या आराखड्याचा भाग होता.

भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात होते, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून सयाजीरावांनी त्यांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवीनंतर भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण वडिलांच्या शेवटच्या आजारामुळे लगेच मुंबईला परतावं लागलं. फेब्रुवारी १९१३मध्ये वडील गेले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवायचं ठरवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली: शिक्षण संपल्यावर १० वर्षं बडोदा सरकारची नोकरी करीन.

पुढची कोलंबियाची वर्षं सर्वांना माहीत आहेत. तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि अभ्यास अर्धवट ठेवून १९१७मध्ये ते भारतात परतले. करार होता, तो पाळायला ते सप्टेंबरमध्ये बडोद्याला गेले. महाराजांनी त्यांना आपले लष्करी सचिव नेमलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या कुठल्याही राज्यानं आणखी काय अपेक्षा करावी? निवड अचूक, पैसा वेळेवर, शिक्षण जगातल्या उत्तम विद्यापीठांत, उमेदवार स्वतःहून परत हजर, आणि त्याच्यासाठी वरची जागा रिकामी.

बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. हॉटेलं महार माणसाला घेत नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी असल्याचं सांगून, ते राहिले. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत, प्यायला पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव धर्मशाळेत आला आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगितलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, तो मिळाला नाही. दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडूनही सोय झाली नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ते वाचताना अजूनही घशात आवंढा अडकतो. पुढच्या वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १० वर्षांचा करार काही दिवसांत निकालात निघाला, आणि त्यात दोष करार करणाऱ्या दोघांचाही नव्हता.

बडोद्याच्या खजिन्यानं हजारो रुपये खर्चून ज्याला घडवलं, त्याला बडोद्याच्या गावानं ठेवून घेतलं नाही. शिष्यवृत्ती देतं सरकार, पण परत आलेल्या माणसाला जागा द्यायची ती गल्लीनं, कचेरीनं, घरमालकानं. हा मुद्दा मला जॉर्जियाच्या सगळ्या तक्त्यांहून मोठा वाटतो. आजही वाड्या-तालुक्यांतून बाहेर पडलेल्या अनेक मुली आणि दलित-आदिवासी मुलं गावी परतत नाहीत, त्यात पगाराचा वाटा असतोच. पण शहरात कुणी जात विचारत नाही, रात्री उशिरा घरी आल्यावर कुणी खिडकीतून बघत नाही, याचाही वाटा असतो. गावानं बदलायचं ठरवल्याशिवाय कुठलीही शिष्यवृत्ती त्यांना परत आणणार नाही, आणि आणूही नये.

हे त्या काळात सर्वांत स्वच्छ ज्यांनी पाहिलं, ते कोल्हापूरचे शाहू महाराज. १९०१पासून त्यांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. आणि २६ जुलै १९०२ला, महाराज स्वतः ब्रिटिश राजाच्या राज्यारोहणाच्या समारंभासाठी इंग्लंडमध्ये असताना, करवीर संस्थानाच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध आदेश निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी. आरक्षणाचा आदेश म्हणून आपण तो ओळखतो. त्यात दिलेलं कारण मात्र फारसं वाचलं जात नाही. सर्व वर्गांत शिक्षण पसरावं म्हणून संस्थानानं प्रयत्न केले, पण मागासलेल्या वर्गांमध्ये त्यांना हवं तसं यश आलं नाही. याचं कारण उच्च शिक्षणातून मिळणारी फळं पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाहीत, असा त्याचा आशय आहे. मुलगा शिकला तर त्याला इथेच, आपल्या संस्थानात, काम मिळेल ही खात्री असेल तरच बाप त्याला शाळेत ठेवील. शिष्यवृत्ती आणि नोकरी ही एकाच धोरणाची दोन टोकं आहेत, हे अर्थशास्त्रज्ञांच्या आलेखांच्या शंभर वर्षं आधी कोल्हापुरात लिहिलं गेलं.

आणि ते कागदावर राहिलं नाही. दलित समाजातल्या शिकलेल्यांना तलाठी म्हणून नेमणुका मिळाल्या, वकिलीच्या सनदा मिळाल्या. त्याच समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान टाकलं, तेव्हा महाराज स्वतः तिथे चहा प्यायले. आपल्या गावात धंदा करू पाहणाऱ्या माणसाला राज्याच्या प्रमुखाची एक भेट काय देऊन जाते, हे कुठल्याही अनुदानाच्या आकड्यात मोजता येत नाही. १९२०मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनीही त्यांना मदत केली.

आज महाराष्ट्रात या प्रकारचा सर्वांत मोठा करार आहे तो डॉक्टरांचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली एमबीबीएसची फी खऱ्या खर्चाच्या तुलनेत इतकी कमी असते की ती शिष्यवृत्तीच म्हणायला हवी. तिच्या बदल्यात एक वर्ष सरकारी सेवा करायची; ती टाळायची तर १० लाख रुपये भरायचे, असा नियम बराच काळ होता. पदव्युत्तर शिक्षणानंतर हा आकडा ५० लाखांवर जायचा. पण एका वर्षात काय साधतं? डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तोच पुढच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं घेऊन. रुग्णांची नावं पाठ होईपर्यंत त्याचं वर्ष भरतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जिथे आधी कुणी टिकलेलं नाही, क्वार्टर गळतं आहे आणि पुढची वाट आखलेली नाही, तिथे तो एकटा काय करणार? वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी १९६९मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केली, वेगळा नियम होता. तिथेच पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागातल्या संस्थेत काम करून यावं लागे. गावातलं काम ही दंडाची टांगती तलवार न राहता पुढच्या शिक्षणाची पायरी होई. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ या उपक्रमातून तरुण डॉक्टर सरकारी आरोग्य केंद्रांत स्वेच्छेनं गेले आहेत. त्यांच्यामागे समवयस्कांचा आणि ज्येष्ठांचा गट असतो. जिचीच्या साखळीचंच हे एक रूप आहे.

अमेरिकेतल्या दोन राज्यांनी अलीकडे क्रमच उलटा केला आहे. पैसे शिकण्याआधी न देता, माणूस येऊन राहिल्यावर द्यायचे. कॅन्सस राज्यात लोकसंख्या घटत चाललेल्या ग्रामीण जिल्ह्यांत राहायला येणाऱ्या पदवीधरांचं शैक्षणिक कर्ज २०११पासून राज्य आणि जिल्हा मिळून फेडतात, पाच वर्षांत १५ हजार डॉलरपर्यंत, दर वर्षी थोडं थोडं. मेन राज्यात कर्जाचे हप्ते भरणाऱ्या पदवीधरांना आयकरात सवलत मिळते. इथे करार मोडण्याचा, जामिनाचा, वसुलीचा प्रश्नच येत नाही. राहिलात तर या वर्षीचा हप्ता, गेलात तर शुभेच्छा.

असा प्रयोग गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटसाठी करता येईल, आणि फक्त डॉक्टरांसाठी नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी राहणारा पशुवैद्य, पाणलोटाचं काम करणारी अभियंता, गणित शिकवणारा शिक्षक, परिचारिका, या सगळ्यांचं शैक्षणिक कर्ज पाच वर्षांच्या पाच हप्त्यांत सरकारनं फेडावं. हप्ता दर वर्षी किंचित वाढता ठेवावा, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी जाण्यापेक्षा राहणं फायद्याचं ठरेल. एका तालुक्यात एकाला न पाठवता पाच-सहा जणांना एकत्र पाठवावं आणि जोडीदाराच्या बदलीची अट सुरुवातीलाच आदेशात लिहावी. शिष्यवृत्त्यांच्या वार्षिक अहवालात लाभार्थ्यांची संख्या आणि खर्च झालेली रक्कम छापली जाते. तिच्याशेजारी आणखी एक रकाना असावा: दहा वर्षांपूर्वीचे लाभार्थी आज कुठल्या जिल्ह्यात आणि कोणत्या कामात आहेत.